जावयानं मागितलेलं वाण

दाजी शॉक लागून गेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. गेल्या काही आठवड्यांत आक्काला भेटायला जो येतो तो दारात चपला काढता काढता हेच विचारतो. "वायरिंगचं काम करायचे न्हवं? मग... करंट लागला का?" आक्का बिचारी नाही म्हणून नुसती मान हलवते. मला मात्र राग येतो आणि रागापाठोपाठ हसूही येतं, कारण हा प्रश्न दाजींनी ऐकला असता तर ते तिरडीवरून उठून बसले असते. परवानाधारक विद्युत ठेकेदारानं शॉक लागून मरावं, यापेक्षा मोठी बेअब्रू त्यांच्या लेखी दुसरी नव्हती. दाजी गेले ते हृदयाच्या दुसऱ्या झटक्यानं. वसमतच्या घरी, दुपारचं जेवण करून, खुर्चीत बसल्या बसल्या. मी दवाखान्यात ड्युटीवर होते. एका म्हातारीची सलाईन बदलत होते तेव्हा भाच्याचा फोन आला. "मावशी, पप्पा उठून न्हाई राहिले," एवढंच तो म्हणाला. मी नर्स आहे. असल्या वाक्याचा अर्थ मला लगेच कळतो. तरी मी त्याला विचारलं, "नीट हाका मारल्या का?" ... माणूस आपला असला की शिकलेलं सगळं कुठं जातं कोण जाणे.

दाजी म्हणजे भगवानराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. माणूस साधा वगैरे मुळीच नव्हता. मेल्यावर सगळेच साधे आणि निगर्वी होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. दाजी चांगलेच मिजासखोर होते. चिखल असो की फुफाटा, पायात पांढरे बूट. कानात अत्तराचा फाया. खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर, तोही पेनासारखा क्लिप लावलेला. आवाज असा की ते हळू बोलले तरी शेजारची बाई भाकरी थापायची थांबायची. आपला परवाना त्यांनी चौकटीत बसवून बैठकीत टांगला होता आणि नवीन पाहुणा आला की त्याला बरोबर त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसवायचे. पत्त्यांत लबाडी करायचे. हरले की पत्तेच जुने झालेत म्हणायचे. पण एखाद्या घराची वायरिंग करून दिली की त्या घराशी सोयरीक झाल्यासारखे वागायचे. वर्षा-दोन वर्षांनी बिनबोलावता जायचे, मेन स्विच उघडून बघायचे, आणि कोणी मध्येच आपल्या मनानं तार जोडलेली दिसली की त्या घरच्या कर्त्या माणसाला त्याच्याच बैठकीत फैलावर घ्यायचे.

आक्काला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. आमचं गाव हट्ट्याच्या पुढं, आत. घरी शेरडं-मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. आक्का पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली, आणि नवरदेव वर बघतोय! माय घाबरली. पोराच्या मानेत काही दोष आहे की काय, असं तिला वाटलं. दाजी बघत होते ते आढ्याला खिळे ठोकून नेलेल्या आमच्या तारा. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्या स्वतःच्या हातानं ओढल्या होत्या. जोड दिलेल्या ठिकाणी चिकटपट्टी नव्हती तिथं लुगड्याची चिंधी बांधली होती. शेवटी मध्यस्थानं खाकरून विचारलं, "मग? काय पसंती?" दाजी म्हणाले, "पोरगी पसंत हाय. बोर्ड पसंत न्हाई." सगळे हसले. आबा हसले नाहीत. आबांनाही आपल्या हाताचा तेवढाच अभिमान होता. रेडिओ उघडून दुरुस्त करायचे, मोटेची चाकं बसवायचे, गावात कुणाचं काही बिघडलं की पोरं आबांना बोलवायला यायची. सासरा आणि जावई एकाच मुशीतले निघाले की काय होतं ते पुढं आम्ही पाहिलं.

तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळा व्हायचा होता. आखाडात धोंडा आला होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, जावयाचे पाय धुवायचे आणि त्याच्या हाती वाण द्यायचं, ही रीत सगळीकडं आहे. आक्काच्या लग्नानंतरचा तो पहिलाच धोंडा. मायनं पुरण घातलं होतं, अनारसे तळून ठेवले होते, पाटाभोवती रांगोळी काढली होती. मी बारावी होऊन नर्सिंगला नंबर लागायची वाट बघत घरीच होते. दाजींचे पाय धुवायला ताजं पाणी पाहिजे म्हणून घागर घेऊन समोरच्या हापश्यावर गेले. दाजी ओट्यावर उभे राहून पांढऱ्या बुटांचा चिखल पुसत होते. त्यांची नजर हापश्याच्या दांड्यावर गेली.

"शोभाबाई, हे सायकलचं ट्यूब काहून गुंडाळलंय दांड्याला?"

"हापसा चावतो, दाजी," मी म्हणाले.

हे मी इतक्या सहज म्हणाले की आज आठवून अंगावर काटा येतो. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका तसंच म्हणायच्या. हापसा चावतो. दांड्याला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या येतात, म्हणून मायनं जुनं ट्यूब कापून त्याला घट्ट गुंडाळलं होतं आणि मोठ्या हुशारीचं काम केल्यासारखं सगळ्यांना दाखवलं होतं. ज्या बायकांकडं चपला होत्या त्या चपला घालून पाणी भरायच्या. ज्यांच्याकडं नव्हत्या त्या पोत्यावर उभ्या राहायच्या. खोडी असलेल्या म्हशीला जसं सांभाळून घेतात तसं आम्ही त्या हापश्याला सांभाळून घेत होतो. दाजींनी बूट पुसायचं फडकं खाली टाकलं. कधी चावतो, असं विचारलं. मी म्हणाले, पावसात जास्त आणि दिवेलागणीला त्याहून जास्त. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणून विचारलं, "कोणी पडलं का इथं?" माणूस कोणी पडलं नव्हतं. कौसामावशीची एक बकरी तेवढी पंधरवड्यामागं हापश्याच्या चिखलात पाणी प्यायला गेली आणि उभ्या उभ्या कोसळून मेली होती. पान लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं. आमच्याकडं साप चावल्याला पान लागलं म्हणतात.

दाजी हापश्याजवळ गेले नाहीत. लांबून, वाकून, हापश्याच्या बुडाशी बघत राहिले. मातीत पुरलेली एक काळी तार तिथून निघून आमच्या भिंतीपर्यंत आली होती.

"म्या केलं ते," आबा पाठीमागून म्हणाले, आणि अगदी खुशीत म्हणाले. त्याचं असं झालं होतं की उन्हाळ्यातल्या वादळात कुठंतरी लांब खांबावरची परतीची तार तुटली होती. वीज घरात एका तारेनं येते आणि दुसऱ्या तारेनं परत जाते. परतीचीच नीट नसेल तर दिवे मिणमिणतात, नाहीतर भडकून फुटतात. एकट्या लाईनमनकडं कितीतरी गावं, त्याला यायला जमेना. आबांनी डोकं लढवलं. हापश्याचा लोखंडी पाईप थेट जमिनीच्या पोटातल्या पाण्यापर्यंत गेलेला. मग परतीची तार खांबाला कशाला? बांधा हापश्याला! आणि खरंच, दिवे लख्ख लागले. मग शेजारच्यानं आपली तार आबांच्या तारेला जोडली, त्याच्या शेजारच्यानं त्याच्या. बाकीचं गाव मिणमिणत असताना आमची गल्ली उजळलेली. लोक तिला आबाची लाईट म्हणायचे. त्या उन्हाळ्यात आबा गल्लीतून चालले की लोक बाज पुढं करायचे.

दाजी म्हणाले, "आबा, हे आत्ताच्या आत्ता सोडा."

"आधी जेवा. मग बघू."

"पाय धुवायचं पाणी बी त्याच हापश्याचं हाय न्हवं? मी पाटावर बसणार न्हाई."

जावई रुसला! ही बातमी आमच्या गल्लीत पसरायला कितीसा वेळ? पाऊस थांबलेला, रविवार, टीव्हीवरचा सिनेमा सोडून बायाबापे आमच्या ओट्यापुढं जमले. जावयानं धोंड्यात रुसायचं असतंच, त्यात नवल नव्हतं. कोणी म्हणालं अंगठी मागत असेल, कोणी म्हणालं गाडी. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणून एका आजीनं मायचं सांत्वनही केलं. दाजींनी त्यांच्या त्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मला अंगठी नको, कापड नको. हापश्याची तार सोडा, अन् घराला अर्थिंगचा खड्डा घ्या. तेच माझं वाण."

खड्डा? धोंड्याच्या महिन्यात जावयाला खड्डा? लोक खो खो हसायला लागले. पण आबांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. चारचौघांत जावई आपल्या कामाला नावं ठेवतोय, आणि तेही ज्या कामानं गल्लीत मान मिळाला त्या कामाला. ते म्हणाले, "तुमच्या एका म्हणण्यावर म्या साऱ्या गल्लीला अंधारात घालू? लोकं काय म्हणतील, आबाच्या जावयानं येऊन लाईट नेली! तार सोडायची न्हाई. अन् सोडली, तर ह्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायचा न्हाई. तुमी बी न्हाई, अन्..." इथं आबा थांबले, आक्काकडं बघितलं आणि तिलाही ते बोलले, "तू बी न्हाई."

आक्का चुलीपुढं होती. हाताला पुरण लागलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती कुणाला काय बोलणार? तिनं दाजींकडं बघितलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या, जेवून घ्या. बाईला माहेर एकच असतं. दाजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते नुसते उभे राहिले, इतका बोलका माणूस. आक्कानं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "तुमाला जे बराबर वाटतं ते करा."

मग दाजींनी जे केलं ते बघितलेली माणसं आमच्या गावात अजून आहेत. त्यांनी पिशवीतून एक होल्डर काढला, त्याला दोन लांब तारा, त्यात साधा दिवा. आमची पहार मागून घेतली आणि हापश्यापासून चांगली लांब, ओल्या जमिनीत ठोकली. मग आत गेले आणि त्यांच्याचसाठी मांडलेला, रांगोळीतला पाट उचलून आणला. माय "अवो, अवो" करत मागं धावली. तो पाट चिखलात टाकून ते त्यावर उभे राहिले. कोरड्या लाकडातून वीज उतरत नाही, हे मला पुढं कळलं. तेव्हा वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. "सगळ्यांनी आपापल्या घरचे दिवे लावा," त्यांनी सांगितलं. लोकांनी गंमत म्हणून लावले. दाजींनी एक तार पहारीला गुंडाळली, दुसरीचं टोक काठीच्या शेंड्याला बांधून हापश्याच्या अंगाला टेकवलं, आणि आबांचं घोंगडं माझ्या हातात देऊन दिव्यावर सावली धरायला लावली.

दिवा लागला. मोठा नाही, लालसर, विझत्या निखाऱ्यासारखा. पण लागला. खांबाला तार नाही, घराला तार नाही, एका बाजूला हापसा आणि दुसऱ्या बाजूला चिखल.

"ही लाईट कुठून आली, बघा," दाजी म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "तुमच्या लेकीसुना ज्याला हात लावून राहिल्या तिथून आली. जितके दिवे लावता तितका हापसा चावतो. उद्या आत एक जोड गंजू द्या, सारा भार दांड्यावर येतो. मग ट्यूब काय करंल?"

कौसामावशी पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं दिव्याकडं बघितलं, मग हापश्याकडं. "म्हंजे माझ्या बकरीला पान न्हाई लागलं," ती म्हणाली. तिनं हे कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं, आबांकडं बघितलंही नाही. आबा मात्र वळले आणि घरात निघून गेले. दाजींनी आधी घराघरांतले खटके पाडायला लावले, मग पाटावर उभं राहून ती तार तोडली. लेक-जावई उपाशी परत गेले. मायनं बांधून दिलेले धोंडे आक्कानं एसटीत मांडीवर धरून ठेवले आणि वसमत येईपर्यंत ती रडत होती, असं दाजींनीच मला पुढं सांगितलं. त्या संध्याकाळी गल्ली अंधारात होती आणि दोन-चार घरांतून दाजींना शिव्या ऐकू येत होत्या. त्याही मी ऐकल्या.

दाजी खरे कळले ते त्यानंतर. तार तोडून निघून जाणं कोणालाही जमलं असतं. ते लाईनमनला स्वतःच्या स्कूटरवर मागं बसवून गावोगाव फिरले, त्याचं हातातलं काम त्याच्याबरोबर उभं राहून संपवलं आणि त्याला आमच्या खांबापर्यंत आणला. परतीची तार जिथली तिथं जोडली गेली. गल्लीतले दिवे पुन्हा लागले, आणि आता हापसा चावत नव्हता. त्याच आठवड्यात एका सकाळी दाजी आणि आक्का टेम्पोतून पाईप, कोळसा आणि मिठाचं पोतं घेऊन आमच्या दारात हजर! आबा ओट्यावर होते. ते काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "उंबऱ्याला पाय लावला न्हाई, आबा. मी भायेरच खणून राहिलो. वाण मागितलंय, घेतल्याबिगर जात न्हाई."

आणि खरंच घराच्या बाजूला, भिंतीला लागून, ते खड्डा खणायला लागले. पांढरे बूट काढून ठेवलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आक्का त्यांना कोळशाच्या पाट्या देत होती. तीही उंबऱ्याच्या आत आली नाही. माहेरच्या दारात येऊन बाहेरच उभी असलेली लेक बघून मायचा जीव तुटत होता. मी खड्ड्याच्या काठावर बसून दाजींना विचारलं, जमिनीतून वीज न्यायची नाही म्हणता आणि पुन्हा जमिनीतच तार कशी घालता? ते खूश झाले. कोणी विचारलं की खूश व्हायचेच. म्हणाले, "ही रोजच्या येण्याजाण्याची वाट न्हाई, शोभाबाई. रोजची वाट खांबावरच्या तारेनं. पण कधी चुकून वीज पंख्याच्या नाहीतर कूलरच्या पत्र्यात उतरली, तर तिला माणसाच्या अंगातून जायच्या आधी पळून जायला एक दरवाजा लागतो. हा तो दरवाजा." मग थर घातले, कोळसा, मीठ, माती, पुन्हा कोळसा. मधोमध पाईप. मायला सांगितलं, उन्हाळ्यात ह्यात पाणी टाकत जा, कोरडा पडला तर काम करणार नाही.

दुपारपर्यंत बाहेरचं सगळं झालं. आता पाईपापासून निघालेली हिरवी तार आतल्या बोर्डापर्यंत न्यायची राहिली होती, आणि त्यासाठी उंबरा ओलांडावा लागणार होता. दाजींनी तारेचं भेंडोळं उंबऱ्याशी आणून ठेवलं आणि खड्ड्याच्या कडेला मातीतच बसले. मायनं दोन ताटं बाहेर आणली. आक्का आणि दाजी तिथंच जेवायला बसले, गल्ली बघत होती. आबा आत बाजेवर पाठ करून पडलेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात... पण त्यांना झोप लागलेली नाही हे पाठीवरूनही कळत होतं. बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला, "तार काय भायेरच ठेवायची हाय का? आत घ्या."

आक्का ताटावरून उठली ती खरकट्या हातानंच आत पळाली.

आबांनी त्या दिवशी तेवढंच म्हटलं. पुढच्या धोंड्याला त्यांनी दाजींचे पाय धुतले, वाण दिलं, अगदी रीतीनं. दोघं पावसावर बोलायचे, मेंढरांवर बोलायचे, आजोळी आलेल्या नातवांवर बोलायचे. हापश्यावर कधीच नाही. आणि दाजींना नेमकं तेच पाहिजे होतं. सांगितलं ना, मिजासखोर माणूस! आपलं बरोबर होतं हे त्यांना सासऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. वसमतमध्ये शंभर लोक वाखाणायचे, त्यानं पोट भरत नव्हतं. "आबा एकदा म्हणले पायजेत," ते मला म्हणायचे, "मोठ्यानं न्हाई तर न्हाई, हळू म्हणले तरी चालंल." मी म्हणायचे, दाजी, तुम्हाला हळू बोललेलं ऐकू तरी येतं का? मग दोघं हसायचो. पण प्रत्येक भेटीत घरी परतताना ते आक्काला विचारायचे, आबा काही म्हणाले का?

मी वसमतलाच नोकरीला लागले, माझं लग्नही तिथंच झालं. लग्नात सगळे नवरदेव बघत होते आणि दाजी मंडपाचे लोखंडी खांब टेस्टर लावून बघत होते. एका खांबावर टेस्टर उजळला. त्यांनी मंडपवाल्याला असा फाडून खाल्ला की वाजंत्री थांबली आणि मुहूर्त थोडा पुढं गेला. माझ्या सासूबाई बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. हळदीचा मोसम आला की शहरात शेड उभ्या राहायच्या, हळकुंडं पॉलिश करायची ढोलं फिरायला लागायची, सगळीकडं पत्रा, ओल आणि घाईत ओढलेल्या तारा. दाजी म्हणायचे अर्थिंग झाल्याशिवाय वीजजोडणीच्या कागदावर सही नाही. लोक दुसऱ्याकडून सही आणायचे. दाजी तरी पुन्हा जाऊन त्या शेडवाल्याला हात जोडून सांगून यायचे, फुकट. एकदा वाशिमहून येताना कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो. दाजींनी पाण्याच्या कूलरला टेस्टर लावला आणि तो उजळल्यावर कूलरचा खटका पाडून मालकाच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. मालक आधी तापला, मग वरमला, मग त्यानं आम्हाला भजी दिली. दाजींनी भजी खाल्ली आणि पुढं महिनाभर त्या ढाब्यावर जाऊन येत राहिले, तार नीट झाली की नाही बघायला. आम्ही म्हणायचो, भज्यांसाठी जातात.

नंतरच्या काळात त्यांना एक सवय लागली होती. पावसाळ्यात माझी ड्युटी संपायच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. "आज कोणी आलं का?" कोण, ते सांगायची गरज नसायची. शॉक लागून कोणी आणलं नसेल तर मी नाही म्हणायचे, आणि ते "बरं झालं" म्हणून लगेच ठेवून द्यायचे. कोणी आलं असेल तर मात्र सगळं विचारायचे. कुठलं गाव, काय हातात होतं, पायात चपला होत्या का. एकदा शेतमोटरीच्या पेटीवर शॉक लागलेलं एक तरणं पोरगं आणलं होतं. आणलं तेव्हाच गेलेलं होतं. ते मी फोनवर सांगितलं. मग दाजी म्हणाले, "एक खड्डा, शोभा. त्याच्या बापानं एक खड्डा घेतला असता..." आणि हा दणदणीत आवाजाचा माणूस फोनवर रडला. मला शोभाबाई म्हणायचं विसरलेले मी त्यांना तेवढंच एकदा ऐकलं.

आता तो फोन येत नाही. येत्या पावसाळ्यात तर मला फार जड जाणार आहे, हे मला आत्ताच कळतंय.

आबा आता पुष्कळ थकलेत. जावयाच्या मातीला त्यांना जीपमधून वसमतला आणलं. ते रडले नाहीत. दोघा म्हाताऱ्यांना गावी पोचवून मी त्यांच्याजवळ राहिले. आमच्याकडं जावयाचं सुतक धरतात, त्यामुळं देवघराचं दार लोटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसले होते. आबा हातात तांब्या घेऊन, भिंतीला धरत धरत घराच्या बाजूला निघाले. मायनं आतून बघितलं आणि ओरडली, "अवो, सुतक हाय. पाणी कोणाला घालून राहिले?"

"देवाला न्हाई घालत," आबा म्हणाले.

मी उठून त्यांच्या मागं गेले. खड्ड्यावरचं झाकण त्यांनी बाजूला सारलं होतं. वैशाखाचं ऊन, माती भेगाळलेली. नंतर मायला विचारल्यावर मला कळलं, की हे काम दाजींनी तिला सांगितलं होतं, पण पहिल्या उन्हाळ्यापासूनच आबांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं. एकही उन्हाळा त्यांनी खड्डा कोरडा पडू दिला नव्हता. दाजींना हे माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नाही. आबांनी सांगू दिलं नसावं.

आबा खाली बसले. सावकाश, मेंढराच्या आजारी पिल्लाला पाजावं तसं, ते पाईपाच्या तोंडाशी पाणी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी हात तसाच धरून ठेवला होता.

"बराबर म्हणला होता त्यो," आबा म्हणाले. हळू म्हणाले, पण मला ऐकू आलं. मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, त्या खड्ड्याकडं तोंड करून. "बराबर होतं तुमचं, भगवानराव."

माझा बांध तिथं फुटला. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. तांब्या तेवढा माझ्यापुढं केला.

"अजून एक आण," ते म्हणाले. "एवढ्यानं न्हाई भिजत."